‘उचलून घेऊ की!’

लग्नाची पत्रिका हातात पडली की लोक आधी मुहूर्त बघतात. मी कार्यालयाचे नाव बघतो. सौ.ला न्यायचे की घरी ठेवायचे, हे त्या नावावर ठरते. २०१२ साली स्कूटरवरून पडून तिच्या मणक्याला मार बसला, तेव्हापासून ती व्हीलचेअरवर आहे. त्यामुळे बेळगाव आणि आसपासच्या बहुतेक मंगल कार्यालयांच्या पायऱ्या मला पाढ्यांसारख्या पाठ आहेत. कुठे पाच, कुठे नऊ, एके ठिकाणी चौदा, आणि जेवणाची पंगत तळघरात. यजमानांना आधी फोन करून विचारावे, तर पलीकडून मोठ्या मायेने एकच उत्तर येते : "सर, त्यात काय एवढं? वहिनींना उचलून घेऊ की! चार पोरं आहेत आपली."

पोरे खरोखरच येतात. दोघे पुढे, दोघे मागे. खुर्ची तिरकी होते. ती एका हाताने पदर सावरते, दुसऱ्या हाताने खुर्चीचा दांडा धरते. मांडवातली दोनशे माणसे वळून बघतात. एखादी म्हातारी "च्च च्च" करते. वर पोचल्यावर चौघांच्याही चेहऱ्यावर पुण्य पदरी पडल्याचे समाधान असते आणि मी सर्वांचे आभार मानत हात जोडून उभा असतो. गेल्या लग्नसराईत घरी परतल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अहो, माणसाला चौघांनी उचलायची वेळ जन्मात एकदाच यावी. माझ्यावर दर वैशाखात येते."

ह्या एका वाक्याने मला लेखणी हातात घ्यायला लावली आहे. संपादकांनी प्रवासवर्णन मागितले होते. मी देतो आहे ते भांडण आहे. वाचकांनी ते गोड मानून घ्यावे असा आग्रह नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. ‘उचलून घेऊ की’ ह्या तीन शब्दांना आपण माणुसकी म्हणतो, पण ती आपली सबब आहे. ज्याला उचलून घ्यावे लागते, त्याला दर वेळी आधी मागावे लागते, मग थांबावे लागते आणि शेवटी आभार मानावे लागतात. आणि ज्याला मागायची लाज वाटते, तो हळूहळू घरातच बसतो. आपल्या गावात अपंग माणसे फारशी दिसत नाहीत, ह्याचे कारण ती नाहीत हे नव्हे. ती आतल्या खोलीत आहेत.

*

आमचा मुलगा बर्लिनला नोकरीस आहे. २०२३ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही दोघे तीन आठवडे तिकडे गेलो. मुलाच्या घरी उतरावे असा साधा विचार होता. पण मुलगा राहतो शंभर वर्षांहून जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. बर्लिनमध्ये अशा इमारतींच्या रांगाच्या रांगा आहेत. तेव्हा ज्यांना वाटते की युरोप म्हणजे बटण दाबले की सगळे हजर, त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे. पोटच्या मुलाच्या घराचा उंबरठा तिने तीन आठवड्यांत एकदाही ओलांडला नाही. हॉटेल शोधणे भाग होते.

शोध मुलानेच घेतला, मी इथून प्रश्न पाठवत गेलो. जर्मन भाषेत ह्यासाठी एक शब्द आहे, ‘बारिएरेफ्राय’, म्हणजे अडथळामुक्त. पण शब्द जाहिरातीत असला म्हणून खोलीत असतोच असे नाही. एका हॉटेलने कळवले की आमच्याकडे लिफ्ट आहे, खोली मोठी आहे, निःशंक या. मुलगा स्वतः जाऊन पाहून आला. दारातच दोन पायऱ्या! विचारल्यावर स्वागतकक्षातला गृहस्थ हसून म्हणाला, "आमची माणसं मदत करतील ना!" मुलाने फोनवर हे सांगितले तेव्हा मी मोठ्याने हसलो. ‘उचलून घेऊ की’ची जर्मन आवृत्ती निघाली म्हणायची! मुलाने नमस्कार केला आणि दुसरे हॉटेल बघितले.

ह्या शोधात आम्ही एक गोष्ट शिकलो, ती कुणालाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. "तुमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे का?" असे कधीही विचारू नये. उत्तर नेहमी "आहे" असेच येते. विचारायचे ते माप. दाराची मोकळी रुंदी किती? ९० सेंटिमीटर हवी. खोलीत आणि न्हाणीघरात खुर्ची फिरवायला दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद मोकळी जागा आहे का? लिफ्टचा पाळणा आतून किती? निदान ११० बाय १४० हवा. शॉवरच्या जागी उंबरा आहे की जमीन सलग? कमोडची उंची ४६ ते ४८ सेंटिमीटर आहे का, आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत का? हे आकडे मी मनचे सांगत नाही. जर्मनीत बांधकामासाठी जे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यातले आहेत. चौथ्या हॉटेलने दुसऱ्याच दिवशी एकेक माप लिहून पाठवले, सोबत न्हाणीघराची छायाचित्रे. पत्रात सहानुभूतीचा एक शब्द नव्हता. मला ते पत्र फार आवडले.

त्या न्हाणीघरात सौ.ने अकरा वर्षांनी कुणाच्याही मदतीशिवाय अंघोळ केली. मी बाहेर खुर्चीवर बसून होतो. आतून पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी हाक मारली नाही.

*

आता शहरातले हिंडणे. बस थांब्याला लागली की फुसकारा टाकून थांब्याच्या बाजूला झुकते. चालक खाली उतरतो, मधल्या दारातली लोखंडी फळी उलटून फुटपाथवर टाकतो, खुर्ची आत जाते, तो फळी उचलतो आणि गाडी पुढे जाते. सगळा मामला मिनिटभराचा. पहिल्या दिवशी मी सवयीने चालकापुढे हात जोडायला गेलो. मुलगा कानात म्हणाला, "बाबा, त्याचं कामच आहे ते." बसमधल्या कुणी मान वर करून पाहिले नाही. हिला त्याचेच नवल. "कुणी बघितलं नाही हो माझ्याकडे," असे ती रात्री दोनदा म्हणाली. आमच्या सीमाभागातल्या लाल बसची पहिली पायरी गुडघ्याच्या वर असते. ती चढताना धडधाकट आजीबाईसुद्धा देवाचे नाव घेते.

उपनगरी रेल्वेला तिकडे ‘एस-बान’ म्हणतात. व्हीलचेअरवाल्याने फलाटाच्या पुढच्या टोकाला, जिथे चालकाचा डबा येतो, तिथे उभे राहायचे. चालक उतरतो, फलाटावर ठेवलेली फळी गाडीला लावतो, कुठे उतरणार ते विचारतो आणि तिथे पुन्हा येऊन फळी लावतो. भुयारी रेल्वेची पावणेदोनशे स्थानके आहेत. त्यांपैकी सुमारे चार-पंचमांश स्थानकांवर लिफ्ट किंवा रॅम्प आहे.

आणि एक गोष्ट अशी की ती सांगायला संकोच वाटतो, पण तीच सर्वांत महत्त्वाची आहे. गेली कित्येक वर्षे बाहेर जायचे असले की सौ. सकाळपासून पाणी पीत नाही. का, ते घराघरातल्या बायकांना सांगायला नको. जिथे जायचे तिथे खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह नसते. लग्न असो, दवाखाना असो, साहित्य संमेलन असो, ती ओठ कोरडे ठेवून बसते. जर्मनीत १९८६ पासून एक व्यवस्था चालत आली आहे. अपंग माणसाला एक किल्ली मिळते आणि त्या एकाच किल्लीने देशभरातली, शेजारच्या देशांतलीसुद्धा, हजारो स्वच्छतागृहे उघडतात. आमच्याकडे ती किल्ली नव्हती. तरी संग्रहालयात, मोठ्या दुकानांत, रेल्वे स्थानकावर अडचण आली नाही. पाचव्या दिवशी बसमध्ये हिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि अर्धी बाटली सलग प्यायली. मी बघतच राहिलो. मग खिडकीबाहेर पाहू लागलो, कारण डोळे भरून आले होते.

*

इथे काही वाचक म्हणतील, "सर परदेशी जाऊन आले, आता वर्षभर तिकडचे गोडवे ऐका." तेव्हा कडवटही ऐका. जुन्या वस्त्यांतले फुटपाथ बारीक दगडी चौकटींचे आहेत, त्यावर खुर्ची अशी खडखडते की दात वाजतात. एका स्थानकावर लिफ्ट बंद पडलेली होती. पुढच्या स्थानकावर जाऊन दुसऱ्या बसने मागे यावे लागले आणि पाऊण तास गेला. लिफ्टा बंद पडणे ही तिथल्या अपंगांची रोजची तक्रार आहे. समानतेचा त्यांचा २००२ चा कायदा मुख्यतः सरकारी यंत्रणेला बांधतो, खाजगी हॉटेलवाल्याला तितकासा नाही. म्हणूनच ते दोन पायऱ्यांचे हॉटेल सुखेनैव चालते. सार्वजनिक वाहतूक संपूर्ण अडथळामुक्त करण्यासाठी त्यांनी २०१३ साली कायद्यात तारीख घातली, १ जानेवारी २०२२. ती तारीखही उलटली आणि काम पुरे झाले नाही. युरोपियन कमिशनने २०१३ चा सुगम शहराचा पुरस्कार बर्लिनला दिला, त्या शहराची ही गोष्ट.

पण तारीख उलटली तरी चार-पंचमांश काम झाले होते, हेही लक्षात ठेवावे. तारखेचे पुढे बोलायचे आहे.

दुसरा आक्षेप नेहमीचा : "त्यांच्याकडे पैसा आहे. आपल्याकडे माणसं आहेत." पहिले वाक्य ऐकायला खरे वाटते. पैशानेच हे होत असते, तर पश्चिम जर्मनीत १९८० साली पैसा कमी नव्हता. त्या वर्षी फ्रँकफुर्टच्या न्यायालयात एक खटला गाजला. ग्रीसमध्ये सहलीला गेलेल्या एका प्रवासी बाईने तक्रार केली होती की हॉटेलात अपंगांचा एक गट उतरला होता, त्यांच्या दर्शनाने माझी सुट्टी नासली, पैसे परत द्या. न्यायालयाने निम्मे पैसे परत देवविले! श्रीमंत, सुशिक्षित देशातले हे न्यायालय. त्यावर मे महिन्यात सुमारे पाच हजार माणसे फ्रँकफुर्टच्या रस्त्यावर उतरली. खुर्च्यांवरून, कुबड्यांवरून, एकमेकांना धरून. पुढची चौदा वर्षे भांडल्यावर १९९४ साली राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात वाक्य आले की अपंगत्वामुळे कुणालाही डावलता येणार नाही. मग २००२ चा कायदा, मग ती तारीख. बसमधली ती लोखंडी फळी कुणा दयाळू माणसाने बसवलेली नाही. भांडून मिळवलेली आहे. म्हणूनच चालकाला हात जोडावे लागत नाहीत.

आपल्या भागाचाही ह्या कथेशी एक धागा जुळतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोहण्याचे सुवर्णपदक जिंकून आले. त्या वर्षीचे ऑलिंपिक म्युनिकला होते. अपंगांचे सामनेही तिथेच व्हायचे, पण खेळाडूंचे गाव रहिवासी सदनिका करण्यासाठी द्यायचे ठरलेले, म्हणून अपंगांची रवानगी दुसऱ्या गावी झाली. जागा नाही, ही सबब त्याही देशाने दिलेली आहे.

*

बर्लिनमध्ये एक पत्ता आहे, टियरगार्टनश्ट्रासं ४. मोठ्या संगीतगृहाच्या शेजारी, दोनशे क्रमांकाच्या बसने जाता येते. तिथे आता निळ्या काचेची चोवीस मीटर लांबीची एक भिंत उभी आहे. २०१४ साली ती उभारली. त्या पत्त्यावरच्या कचेरीतून नाझी राजवटीने १९४० आणि १९४१ ह्या दोन वर्षांत सत्तर हजारांहून अधिक अपंग आणि मनोरुग्ण माणसे मारण्याची व्यवस्था पाहिली. त्यांच्याच देशाची, त्यांच्याच भाषेची माणसे. डॉक्टरांनी फॉर्म भरले, कारकुनांनी याद्या केल्या, बसगाड्या आल्या.

मी शिक्षक माणूस. मला त्या भिंतीपाशी जे वाचून हादरा बसला होता तेच आठवत राहिले. त्या काळातल्या शाळांच्या गणिताच्या पुस्तकांत उदाहरणे असत : एका मनोरुग्णालयाला इतका खर्च येतो, तेवढ्या पैशात निरोगी कुटुंबांची किती घरे बांधून होतील? मुलांनी भागाकार करायचा. उत्तर बरोबर आले की शाबासकी. त्रैराशिकासारखे निरुपद्रवी गणित, आणि त्यातून पोरांना शिकवलेले काय, तर माणसाला भाजक करून पाहायला.

ह्याच शहरात १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे शिकायला गेल्या होत्या. त्यांचे मार्गदर्शक ओयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि गुरूला हवा होता तो निष्कर्ष त्यात सापडत नाही, असे मांडले. १९३३ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला तेव्हा फिशरांच्या त्याच संस्थेने त्याला शास्त्राचा टिळा लावला. मोजमाप तेच, पण कशासाठी मोजायचे हा प्रश्न आपल्या मराठी बाईने बरोबर सोडवला होता. मला त्या भिंतीसमोर तेवढाच आधार वाटला.

हे सगळे इथे कशाला, असे कुणी विचारील. सांगतो, आणि सांगताना मलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागणार आहे.

*

माझ्या शाळेत आठवीला एक मुलगा होता. पाय लुळे, डोके तल्लख. आठवीचा वर्ग माडीवर. रोज सकाळी शिपाईमामा आणि वर्गातले दोन मित्र त्याला उचलून वर नेत, संध्याकाळी खाली आणत. स्नेहसंमेलनात मी पाहुण्यांसमोर ह्याचा मोठ्या अभिमानाने उल्लेख केला. "आमच्या शाळेत संस्कार आहेत," असे म्हणालो. टाळ्या पडल्या. त्या मुलालाही व्यासपीठावर आणले होते. अर्थात उचलूनच.

त्याच्या वडिलांनी एकदा अर्ज दिला : वर्ग खाली आणा, नाहीतर निदान दारात रॅम्प करा. मी अर्ज संचालक मंडळापुढे ठेवला. एका सदस्यांनी विचारले, "एका पोरासाठी एवढा खर्च?" अंदाज निघाला होता अडतीस हजार रुपयांचा. त्याच बैठकीत देणगीदारांच्या नावाची प्रवेशद्वाराची कमान मंजूर झाली, सव्वा लाखाची. मी मुख्याध्यापक ह्या नात्याने इतिवृत्तावर सही केली. वर्ग खाली आणायचा, तर दहावीचा वर्ग वर न्यावा लागला असता आणि दहावीचे पालक रागावले असते. म्हणून तेही राहिले.

नववीत तो मुलगा दिसेनासा झाला. वडिलांनी त्याला शहरातल्या एका इंग्रजी शाळेत घातले होते, कारण तिथे वर्ग तळमजल्यावर होता. दाखला न्यायला आले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सर, पोरगं दिवसभर पाणी पीत नव्हतं. घरी कळायला आम्हालाच वर्ष लागलं."

घरी बायको पाणी पीत नाही हे मला माहीत होते. शाळेत पोरगे पीत नाही हे मला कळले नाही. ती माझ्या घरची होती, तो पटावरचा एक आकडा होता. "एका पोरासाठी एवढा खर्च?" त्या सदस्यांना मी नाझी म्हणत नाही, ते सज्जन गृहस्थ आहेत, अडल्यानडल्याला धावून जातात. पण ते गणित मात्र त्याच पुस्तकातले आहे : वर खर्च, खाली माणूस, आणि भागाकार. त्या उदाहरणाखाली सही माझी आहे.

आणि आपण म्हणतो मराठी शाळा ओस पडताहेत! दरवर्षी आपण ठराव करतो, सरकारला जाब विचारतो, ते योग्यच आहे. पण माझ्या शाळेच्या तीन पायऱ्यांनी आणि एका जिन्याने एक मराठी मुलगा इंग्रजी शाळेत पाठवला. त्यात कुठल्याही सरकारचा हात नव्हता.

*

सीमाभागातल्या माणसाला पाटीचे महत्त्व कुणी शिकवायला नको. पाटीवर कुठली अक्षरे, किती मोठी, वर की खाली, ह्यावर आपल्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. तो लढा मी लहान मानत नाही. मीही त्यात चाललो आहे, घोषणा दिल्या आहेत. पण इतक्या वर्षांत पाटीच्या खालच्या पायऱ्या आपण कधी मोजल्या का? कचेरीत कागद मराठीत मिळावा म्हणून आपण भांडतो. तो कागद घ्यायला खिडकीपर्यंत पोचायचे कुणी, आणि कसे? पायरीला भाषा नसते. ती मराठी म्हातारीला अडवते तशीच आमच्या शेजारच्या कन्नड आजोबांनाही अडवते. हा एक तरी लढा असा आहे की दोन्ही भाषांच्या माणसांना एकाच बाजूला उभे राहता येईल.

आणि कायदा आपल्याकडे नाही असे नाही. १९९५ चा होता, नंतर २०१६ चा आला. शाळा, कचेऱ्या, कार्यालये, लोक मोठ्या संख्येने जातात अशा खाजगी इमारतीसुद्धा, सगळ्या त्यात येतात. जून २०१७ मध्ये नियम निघाले आणि जुन्या इमारती सुधारायला पाच वर्षांची मुदत मिळाली. म्हणजे जून २०२२. जर्मनीची तारीख जानेवारी २०२२, आपली जून २०२२. फार तर पाच-सहा महिन्यांचा फरक! तिथे तारीख चुकली तेव्हा लोकांनी विचारले की उरलेली स्थानके कुठे आहेत. इथे तारीख आली आणि गेली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते? मला नव्हते. मी मुख्याध्यापक असून नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की नुसत्या शिफारशींनी भागणार नाही, केंद्र सरकारने बंधनकारक निकष करावेत. निकष होतील तेव्हा होतील. आपल्या गावच्या कार्यालयाच्या दारात दिल्लीहून कुणी फळी टाकायला येणार नाही.

वोल्फगांग शॉयब्लं ह्या जर्मन मंत्र्याला १९९० च्या ऑक्टोबरात प्रचारसभेत गोळ्या लागल्या आणि तो कायमचा खुर्चीवर बसला. थोड्याच काळात तो गृहमंत्री म्हणून पुन्हा कामावर आला, पुढे आठ वर्षे अर्थमंत्री, मग संसदेचा अध्यक्ष. २०२३ च्या डिसेंबरात वारला. त्याच्या संसदेवरचा काचेचा घुमट आम्ही पाहिला. आत वर जायला पायऱ्या नाहीत, गोल गोल चढत जाणारा रॅम्प आहे, सगळ्यांना तोच. मी खुर्ची ढकलत निघालो, एका वळणावर दम लागला, तिथून मुलाने घेतली. वरून सौ.ने शहर पाहिले. मला मात्र सारखे वाटत होते, की हा गृहस्थ आपल्या एखाद्या संमेलनाचा उद्घाटक असता, तर आपण त्याला काय सांगितले असते? "साहेब, उचलून घेऊ की!"

*

आता हिशेब देऊन संपवतो. २०२४ च्या जूनमध्ये माझ्या शाळेच्या दारात रॅम्प झाला. तीन पायऱ्या, दीड फूट उंची. एकास बारा ह्या प्रमाणाने अठरा फूट लांबी. खर्च माजी विद्यार्थ्यांनी आणि मी मिळून केला. सौ.ने पहिल्या दिवशी चढून पाहिला आणि कठडा चार बोटे खाली हवा होता असा शेरा दिला. आता त्यावरून दुपारच्या आहाराची भांडी जातात, दिवस गेलेल्या आमच्या शिक्षिका जातात, गुडघे धरलेले आजोबा नातवाला सोडायला येतात. एका पोरासाठी नाकारलेला खर्च शंभरांच्या उपयोगी पडला. ज्याच्यासाठी व्हायचा, तो मात्र गेला. जिना तसाच आहे, म्हणून आठवीचा वर्ग खाली आणला आहे. स्वच्छतागृहाचे दार अजून अरुंद आहे. ते ह्या वर्षी मोठे करीन, हे छापून देतो, म्हणजे मला पळता येणार नाही.

वाचकहो, तुमच्याकडे मागणे एवढेच. पुढच्या महिन्यात तुळशीचे लग्न लागले की पत्रिका सुरू होतील, पौषात गावोगाव साहित्य संमेलने भरतील. कार्यालय ठरवताना भाड्याच्या आधी पायऱ्या विचारा. व्यासपीठ बांधताना मंडपवाल्याला दोन फळ्या जास्त सांगा. स्वच्छतागृहाचे दार टेपने मोजा. आणि कुणी खुर्चीवरून दारात आलाच, तर बाह्या सरसावण्याआधी मान खाली घालून त्या पायऱ्यांकडे बघा.

मला ह्या मोसमात तीन व्याख्यानांची आमंत्रणे आली आहेत. तिन्ही ठिकाणी मी उलट टपाली विचारले आहे : व्यासपीठाला पायऱ्या किती, आणि रॅम्प आहे का? जिथे रॅम्प नसेल तिथे मी वर चढणार नाही. खाली, श्रोत्यांमध्ये, हिच्या खुर्चीशेजारी उभा राहून बोलेन. एका ठिकाणाहून उत्तर आले आहे. संयोजक लिहितात, "सर, काळजी नसावी, वहिनींना उचलून घेऊ."

त्यांना मी परत पत्र घातले आहे. त्यात फक्त मापे लिहिली आहेत.